शेड कार्ड हाती आले, आता कपाटाचे काय?

त्वचा, केस आणि डोळे यांच्या रंगांवरून स्वतःला शोभणारे रंग ठरवण्याची आणि त्या रंगसमूहांना ऋतूंची नावे देण्याची पद्धत, म्हणजेच सीझनल कलर ॲनालिसिस, सध्या मुंबईत बरीच चर्चेत आहे. त्याविषयी वाचकांची एवढी पत्रे आली की या अंकातील सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी दादरला राहते आणि फोर्टमधील एका बँकेत नोकरी करते. अलीकडेच एका तज्ज्ञ बाईंकडून रंगविश्लेषण करून घेतले. त्यांनी मला ‘डीप ऑटम’ ठरवले आणि कापडाच्या लहान तुकड्यांचे शेड कार्ड दिले. माझ्या कपाटात मात्र आकाशी, बेबी पिंक, पांढरा आणि काळा हेच रंग जास्त आहेत. सगळे कपडे बदलणे मला परवडणार नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कपाटातील एकही कपडा आज बाहेर काढू नका. आधी त्या कार्डाने तुम्हाला नेमके काय सांगितले आहे ते समजून घेऊ, कारण ते समजले की निम्मी खरेदी आपोआप टळते.

कोणत्याही रंगाची तीन अंगे असतात. अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये त्यांची पद्धतशीर मांडणी केली. रंग मुळात कोणता, तो किती फिका किंवा गडद आणि तो किती निखळ किंवा मंदावलेला, ही ती तीन अंगे होत. पुढे जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवणारे योहानेस इटेन यांच्या लक्षात आले की विद्यार्थ्यांना आपापल्या मनाला सुसंवादी वाटणारे रंग रंगवायला सांगितले, तर प्रत्येकाची निवड वेगळी येते आणि तिचे त्याच्या स्वतःच्या वर्णाशी काही नाते असते. 1980 मध्ये कॅरल जॅक्सन या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकामुळे स्प्रिंग, समर, ऑटम आणि विंटर हे चार गट घरोघरी पोहोचले आणि नंतरच्या अभ्यासकांनी प्रत्येक ऋतूचे तीन भाग करून बारा गट केले. ‘डीप ऑटम’ हा त्या बारांपैकी एक आहे. तुमच्या बाबतीत रंगाचा गडदपणा सर्वांत महत्त्वाचा आहे, त्याखालोखाल त्याची ऊब, म्हणजे पिवळसर छटेकडचा कल, महत्त्वाची आहे (निळसर छटेकडे झुकणाऱ्या रंगाला थंड म्हणतात) आणि तो अतिशय झगमगीत नसला तरी चालतो, एवढाच या नावाचा अर्थ आहे. हा क्रम लक्षात ठेवा. खरेदीच्या वेळी शेड कार्डावरचा हुबेहूब रंग मिळत नाही तेव्हा कोणती तडजोड चालेल, हे या क्रमावरून ठरते. रंग थोडा कमी उबदार असेल पण पुरेसा गडद असेल, तर तुम्ही तो निःशंकपणे घ्यावा. उबदार पण फिकट पीच रंग मात्र तुमच्या चेहऱ्यासाठी काहीच करणार नाही.

दुसरी गोष्ट अंतराची आहे. पॅरिसच्या गोबेलां या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या राजेशाही कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की तेथील काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी शोध घेतला तेव्हा रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांमुळे तो काळा डोळ्यांना वेगळा भासत होता. शेजारचे रंग एकमेकांचे दिसणे बदलतात हा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि रंगविश्लेषण उभे आहे ते मुख्यतः त्याच नियमावर. त्यात भर पडते ती कापडावरून परावर्तित होऊन हनुवटीवर पडणाऱ्या प्रकाशाची. हे दोन्ही परिणाम चेहऱ्याजवळच्या कापडाचे आहेत. म्हणून गळ्यापासून छातीपर्यंतचा भाग तुमच्या कार्डाप्रमाणे असावा आणि कमरेखाली तुम्ही जवळजवळ मोकळ्या आहात. तुमच्या काळ्या पँट, काळ्या लेगिंग आणि पांढऱ्या सलवारी जशाच्या तशा राहू द्या.

आता कपाट उघडा आणि वरच्या अंगाचे कपडे तेवढे तपासा. आकाशी आणि बेबी पिंक कुडत्यांवर गडद, उबदार ओढणी घेता येते. विटकरी, मेंदी, कॉफी किंवा डाळिंबी रंगाची एक चांगली सुती ओढणी चार-पाच कुडते वाचवते, कारण ओढणी गळ्याशी असते आणि कुडता तिच्याखाली जातो. हा उपाय नव्या कुडत्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे आणि माझ्या मते प्रत्येकीने पहिली खरेदी ओढणीचीच करावी. जे कपडे ओढणीशिवायच घालायचे असतात ते जुने झाले की त्यांच्या जागी कार्डातील रंग आणावेत. एक जुना गेला की एक नवा आला, या चालीने वर्ष-दोन वर्षांत कपाट नकळत बदलते आणि खिशाला खड्डा पडत नाही.

नवे घेताना आधी पाया ठरवावा. तुमच्यासाठी गडद कॉफी, मेंदी आणि काळपट मोरपिशी या तीनपैकी दोन रंग पायाचे म्हणून निवडा. त्यांच्यासोबत विटकरी, मोहरीसारखा पिवळा, डाळिंबी आणि वांगी हे रंग आलटून पालटून येऊ द्या आणि पांढऱ्याच्या जागी मोतिया किंवा हस्तिदंती घ्या. कार्डातील रंग मुळातच एका कुळातले असल्यामुळे यांतील कोणतेही दोन कपडे एकत्र घातले तरी विजोड दिसत नाहीत. सकाळी 8 वाजून काही मिनिटांची लोकल गाठायची असते तेव्हा या गुणाची किंमत कळते. शिवाय आपल्या हवेत कमी कपडे असणे हीच मोठी सोय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाच्या तळाशी न घातलेले कपडे पडून राहिले की त्यांना बुरशीचा वास लागतो, तेव्हा सतत घातले जाणारे वीस कपडे हे पडून राहिलेल्या साठ कपड्यांपेक्षा केव्हाही चांगले.

तुमच्या गटाचा एक फायदा येथे आवर्जून सांगते. नैसर्गिक रंगांत रंगवलेले आपल्याकडचे कापड, उदाहरणार्थ मंजिष्ठेचा लाल, डाळिंबाच्या सालीचा पिवळा आणि लोखंडाच्या पाण्यापासून केलेला काळा वापरणारे अजरख आणि कलमकारी, हे बहुतेक वेळा उबदार आणि किंचित मंदावलेलेच असते. ऑटम गटातील स्त्रीला मंगलदास मार्केटमध्ये सुती छापील कापडाच्या ठेल्यांसमोर उभे राहिले की फारसे शोधावे लागत नाही. फक्त एक करा : कापड घेण्यापूर्वी ते गल्लीच्या तोंडाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहा. दोन कापडे ट्यूबलाइटखाली अगदी एकसारखी दिसतात आणि उन्हात वेगळी निघतात, कारण त्यांत वापरलेली रंगद्रव्ये वेगळी असतात आणि प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातील वेगवेगळा भाग शोषून घेते. मुरलेला दुकानदार स्वतःच “बाहेर उजेडात बघा ताई” असे सांगतो, त्यामागे हेच कारण आहे.

प्रश्न : मी मुलुंडला राहते आणि महाविद्यालयात शिकते. फोनवरच्या एका ॲपने सकाळी मला ‘वॉर्म ऑटम’ सांगितले आणि रात्री ‘कूल विंटर’. आई म्हणते की या सगळ्याची गरजच नाही, सावळ्या मुलींनी भडक आणि गडद रंग टाळून फिके रंग घातले की त्या उजळ दिसतात. मी कोणाचे ऐकू?

उत्तर : ॲपचे ऐकू नकोस, आणि आईंचा मान राखून सांगते, या एका बाबतीत आईंचेही ऐकू नकोस.

फोनचा कॅमेरा खोलीतील प्रकाश पिवळा आहे की निळसर, याचा स्वतःच अंदाज बांधतो आणि त्यानुसार चित्रातील सगळे रंग सरकवतो. त्यावर बहुतेक फोन चेहरा ओळखून त्वचा गुळगुळीत आणि उजळ करतात, तेही अनेकदा न विचारता. अशा चित्रातून त्वचेची ऊब किंवा थंडपणा मोजणे म्हणजे रंगीत चष्मा लावून रंग ओळखण्यासारखे आहे. सकाळी खिडकीचा उजेड होता आणि रात्री घरातला दिवा होता. बदलला तो प्रकाश, तुझी त्वचा तीच आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. ही पद्धत ज्या समाजात वाढली तेथे केस सोनेरी, तांबूस, तपकिरी किंवा काळे असतात आणि डोळे निळे, हिरवे किंवा घारे असतात, त्यामुळे नुसत्या केसांवरून आणि डोळ्यांवरून गट बराचसा कळतो. आपल्यापैकी बहुतेकांचे केस काळे आणि डोळे गडद तपकिरी असल्यामुळे सुरुवातीच्या मांडणीत आपल्यासारख्यांची सरसकट रवानगी ‘विंटर’मध्ये होत असे. तक्ता वाचून आपला गट ठरत नाही, तो कापड खांद्यावर टाकूनच ठरवावा लागतो. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, ही प्रसिद्ध चाचणीही गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर भरवशाची नाही.

कापड टाकून पाहण्यासाठी लागणारे साहित्य मात्र या शहरात जितके सहज मिळते तितके इतरत्र क्वचितच मिळत असेल. जवळच्या कोणत्याही मॅचिंग सेंटरमध्ये जा. तेथे टू बाय टू ब्लाउजपीस एकाच पोताचे आणि शेकडो छटांचे असतात, आणि पोत एकसारखा असला की तुलना फक्त रंगाची होते. सगळे विकत घेण्याची गरज नाही. मैत्रिणींनी मिळून आठ-दहा तुकडे घेतले तरी पुरतात. निवड जोड्यांची करावी : शुभ्र पांढरा आणि मोतिया, राणी आणि गाजरी, लिंबासारखा पिवळा आणि हळदीसारखा पिवळा, काळा आणि कॉफी, निखळ निळा आणि धुरकट निळा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान थेट ऊन येत नसलेल्या खिडकीसमोर बस, चेहरा नुसत्या पाण्याने धुतलेला असू दे, कानातले आणि गळ्यातले काढून ठेव आणि केसांना मेंदी किंवा कलर लावलेला असेल तर त्यावर पांढरा रुमाल बांध. खोलीच्या भिंती गुलाबी किंवा हिरव्या असतील तर दुसरी खोली शोध, कारण भिंतीचा रंगही चेहऱ्यावर पडतो.

जोडीतील दोन्ही कापडे एकामागून एक गळ्याशी धर आणि कापडाकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहा. डोळ्यांखालचा काळसरपणा वाढला की कमी झाला? ओठांभोवतीची त्वचा वेगळी दिसते की बाकीच्या चेहऱ्यात मिसळते? जबड्याची रेषा स्पष्ट आहे की पुसट झाली? आरशात पाहताक्षणी नजर आधी डोळ्यांवर जाते की कापडावर? योग्य रंगात त्वचा एकसारखी दिसते आणि डोळे आधी दिसतात. शेजारी मैत्रीण असेल तर उत्तम, कारण आपला आवडता रंग हाती आला की आपण निःपक्षपाती राहत नाही.

या सगळ्या प्रश्नांत ‘मी गोरी दिसते का’ हा प्रश्न कोठेही नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांचे रंग याच एका प्रश्नावर निवडले गेले. असंख्य मुलींनी राणी, मोरपिशी, केशरी हे रंग दुकानात हातात घेऊन परत ठेवले आणि कोणीतरी दाखवलेला फिकट बदामी घेऊन त्या घरी गेल्या. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सावळी त्वचा सखोल असते आणि निखळ, भरगच्च रंग पेलण्याची ताकद तिच्यातच सर्वांत जास्त असते. योग्य रंगात त्वचा कधीकधी आहे त्याहून किंचित गडदही दिसते, आणि तरीही ती तजेलदार, सलग आणि सुंदर दिसते. उलट फिका रंग हा त्वचेच्या तुलनेत इतका उजळ असू शकतो की त्याच्या शेजारी चेहरा थकलेला भासतो. सावळ्या त्वचेत उबदार, थंड आणि दोन्हींच्या मधल्या अशा सर्व प्रकारच्या अंतर्छटा आढळतात. ऊन लागून रापलेला वरचा थर आणि खालची मूळ छटा या वेगळ्या गोष्टी आहेत. तुझे रंग कोणते ते खिडकीसमोर ठरेल. आईंनाही शेजारी बसव. राणी रंगाचा तुकडा गळ्याशी धरल्यावर त्यांना स्वतःलाच दिसेल.

प्रश्न : मी गिरगावची. वय 66. चाळिशीत असताना परदेशी राहणाऱ्या नणंदेने माझे रंग तपासून घेतले होते, तेव्हा मी ‘विंटर’ निघाले. आता केस पूर्ण पांढरे झाले आहेत आणि मी ते रंगवत नाही. माझ्याकडे सासूबाईंच्या दोन पैठण्या, एक नारायणपेठ आणि बऱ्याच इरकली आहेत, त्यांतील बहुतेकांना सोनेरी जर आहे. विंटरला चांदी शोभते असे म्हणतात. मग या साड्या मी नेसू नयेत का?

उत्तर : जरूर नेसा. साडी हे वस्त्र या पद्धतीच्या हिशेबात नीट बसत नाही, कारण पद्धत घडली ती कोट, शर्ट आणि फ्रॉक डोळ्यांसमोर ठेवून. साडी नेसल्यावर चेहऱ्याच्या सर्वांत जवळ असतो तो ब्लाउजचा गळा आणि खांद्यावरून जाणारी काठाची पट्टी. साडीचा मुख्य रंग त्यानंतर येतो आणि निऱ्यांचा तर चेहऱ्याशी संबंधच नसतो. म्हणून वारशाने आलेल्या साडीसाठी ब्लाउज नवा शिवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. तुमची एखादी इरकल मोहरी किंवा विटकरी अंगाची असेल, तर तिच्यावर अंगाच्या रंगाचा ब्लाउज न शिवता काठातील थंड रंगाचा, म्हणजे कुंकवाच्या लालऐवजी डाळिंबीकडे झुकणारा, जांभळा किंवा गडद निळा ब्लाउज शिवा. इरकलीच्या काठात असे रंग बहुधा सापडतात. पदर खांद्यावर घडी घालून पिन लावण्याऐवजी मोकळा सोडला तर काठाची पट्टी गळ्यापासून थोडी दूर राहते, हीदेखील एक साधी युक्ती आहे.

जरीबद्दल म्हणाल तर जुन्या अस्सल जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असे. वर्षांनुवर्षांच्या वापराने तो मुलामा मवाळ होतो आणि खालच्या चांदीची झाक वर येते. नव्या पिवळ्याधमक जरीपेक्षा ही जर थंड रंगांच्या व्यक्तीला कितीतरी सोयीची असते. शिवाय मंगळसूत्राचे सोने आणि काळे मणी, कानातल्या कुड्या, सणाला नथ, एवढे सोने आपल्याकडच्या स्त्रीच्या चेहऱ्याजवळ आयुष्यभर असतेच. कोणत्याही शेड कार्डाने ते काढायला सांगू नये आणि सांगितले तरी आपण ऐकू नये. ते क्षेत्रफळाने लहान असते आणि त्याचा अर्थ रंगापलीकडचा असतो.

केसांचा बदल मात्र गांभीर्याने घ्या. विंटर गटाची खूण असते ती काळे केस आणि त्वचा यांच्यातील ठळक विरोध. केस पांढरे झाल्यावर थंडपणा टिकतो, किंबहुना वाढतो, पण तो विरोध पुष्कळ कमी होतो. पूर्वी शोभणारा ठार काळा आता चेहऱ्याखाली जड वाटू शकतो. त्याच्या जागी कोळशासारखा करडा, नेव्ही ब्लू किंवा गडद वांगी घेऊन पाहा. निखळ गुलबाक्षी, पाचूसारखा हिरवा आणि शुभ्र पांढरा हे रंग पांढऱ्या केसांसोबत फार सुरेख दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या निष्कर्षावर विसंबून राहण्याऐवजी वरच्या उत्तरात सांगितलेली ब्लाउजपीसची चाचणी एकदा पुन्हा करावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : मी पुरुष आहे आणि बोरिवलीहून वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला जातो. बायकोच्या आग्रहाखातर विश्लेषण केले, त्यात मी ‘सॉफ्ट ऑटम’ निघालो. ऑफिसात पांढरे आणि आकाशी शर्ट सोडून काही घालता येत नाही. मग या माहितीचा मला उपयोग काय?

उत्तर : उपयोग पुरेपूर आहे. सॉफ्ट ऑटम म्हणजे मंदावलेले, मध्यम गडद आणि किंचित उबदार रंग. तुम्हाला ऑफिसात पांढरा शर्ट लागत असेल तर निळसर झळाळी असलेला शुभ्र पांढरा टाळून सायीसारखा पांढरा घ्या. चार पावलांवरून तो पांढराच दिसतो आणि कोणी हरकत घेत नाही. आकाशीऐवजी किंचित हिरवट-करड्या झाकेचा निळा घ्या. कापडाचा पोतही मदतीला येतो : चमकदार सॅटिन विणीच्या सुती कापडापेक्षा लिननमिश्रित किंवा ऑक्सफर्ड विणीचे कापड प्रकाश विखरून टाकते आणि तोच रंग मवाळ दिसतो. चष्मा असल्यास काळ्या फ्रेमऐवजी तपकिरी फ्रेम निवडा. चष्मा रोज, दिवसभर आणि थेट चेहऱ्यावर असतो, त्यामुळे शर्टांच्या आधी पैसे तेथेच खर्च करावेत.

एक सावधगिरी मात्र मुंबईची आहे. तुमच्या कार्डात मध्यम करडे आणि धुरकट हिरवे असे जे रंग आहेत त्यांवर घामाचे ओले डाग सर्वांत ठळक दिसतात. एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये असे रंग साध्या सुती कापडात न घेता बारीक चौकडीत किंवा रेघांमध्ये घ्या, आणि खाकी, उंटी हे फिके रंग पँटसाठी वापरायचे असतील तर पावसाळा संपेपर्यंत थांबा.

प्रश्न : आमच्या ऑफिसातल्या सगळ्या जणी नवरात्रात ठरलेल्या नऊ रंगांचे कपडे घालतात. मी ‘कूल समर’ आहे. नारिंगी दिवशी काय करू? आणि संक्रांतीला काळा मला मुळीच शोभत नाही. (चेंबूर)

उत्तर : नऊपैकी बहुतेक रंगांची तुमच्या गटातली छटा सापडते. पिवळ्यात फिकट लिंबासारखा, लालमध्ये गुलाबाकडे झुकणारा, हिरव्यात निळसर हिरवा, आणि राखाडी तर तुमचा हक्काचाच रंग आहे. अपवाद फक्त नारिंगीचा, कारण लाल आणि पिवळा यांच्या मिश्रणातून होणाऱ्या या रंगाला थंड छटा नाहीच. त्या दिवशी नारिंगी कमरेखाली येऊ द्या : नारिंगी सलवार किंवा घागरा आणि वर मोतिया किंवा फिकट करडा कुडता, हातात नारिंगी बांगड्या. साडीच नेसायची असेल तर नारिंगी साडीवर गडद निळा ब्लाउज घाला; नारिंगी आणि निळा हे एकमेकांचे पूरक रंग असल्याने ती जोडी मुद्दाम निवडल्यासारखी दिसते. लोकलच्या डब्यात त्या दिवशी सगळ्याजणी एका रंगात दिसतात तेव्हाचा आनंद शेड कार्डापेक्षा मोठा आहे, त्यामुळे केवळ कार्डात नाही म्हणून वेगळे राहू नका.

संक्रांतीचा काळा थंडीच्या दिवसांत ऊब धरून ठेवतो म्हणून आला, असे आपण ऐकत आलो आहोत. काळी चंद्रकळा नेसताना गळ्याशी दुसरे काहीतरी आणा. हलव्याचे दागिने घालण्याचा योग असेल तर काम आपोआप होते, कारण पांढराशुभ्र हलवा काळ्याला चेहऱ्यापासून तोडतो. एरवी मोत्यांची ठसठशीत माळ किंवा चंदेरी काठाचा ब्लाउज तेच काम करतो.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला कुडता आणि ओढणी प्रत्यक्षात फारच फिकट पीच निघाली. परत करण्याची मुदत संपली आहे. मी गडद रंगांच्या गटातली आहे. कापड रंगवून घेता येईल का? (विलेपार्ले)

उत्तर : कापड कोणते आहे यावर सगळे अवलंबून आहे. सुती, रेशमी, रेयॉन किंवा लिनन असेल तर रंग चांगला चढतो. पॉलिएस्टरवर हे नेहमीचे रंग बसत नाहीत; त्याला वेगळे रंग आणि फार जास्त तापमान लागते, त्यामुळे जॉर्जेट किंवा शिफॉन पॉलिएस्टरचे असेल तर त्या नादाला लागू नका. खात्री करण्यासाठी आतल्या शिवणीतील दोन धागे काढून चिमट्यात धरून, वाटीभर पाण्यावर, पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक गोळा होतो.

बऱ्याच मॅचिंग सेंटरमध्ये ओढण्या आणि परकर मागाल त्या रंगात रंगवून देण्याचे काम घेतात. रंग नेहमी आहे त्याहून गडदच करता येतो, आणि मूळ रंग नव्यात मिसळतो. पीचवर निळा मागितलात तर तो मळकट येईल. विटकरी, तांबूस तपकिरी किंवा मरून मागितलात तर पीचची ऊब उपयोगी पडेल. कुडता शिवलेला असल्याने त्याची शिलाई बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल आणि ती पीचच राहील, हे आधी जाणून असा. विटकरी कापडावर ती कशिद्यासारखी शोभून दिसते, मरूनवर मात्र डोळ्यांत भरते. जर किंवा टिकल्या असतील तर त्या काळवंडण्याची शक्यता असते, म्हणून दुकानदाराला आधी दाखवा. ओढणी आधी रंगवून घ्या, ती उजेडात गळ्याशी धरून पाहा आणि रंग मनासारखा आला तरच कुडता द्या. घरी आणल्यावर पहिली काही धुणी दोन्ही कपडे वेगळ्या बादलीत, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळत घाला.